टेकडीवरची फेक

खोकं फारसं जड नव्हतं, पण ते हातात आल्याबरोबर मित्सूच्या मनगटांना काहीतरी ओळखीचं वाटलं. कुरिअरवाल्याला घाई होती. त्याच्या कागदावर तिनं शिक्का उमटवला, दार लावलं आणि ती तशीच उभी राहिली, चपला काढायच्या जागेत, एक पाय वर आणि एक खाली. पाठवणाऱ्याच्या जागी गेंझो मुरोया असं लिहिलं होतं. अक्षर दादाचंच. अकरा वर्षांत त्या अक्षरातली एक ओळ तिला आली नव्हती. तोयोवहिनी गेली तेव्हासुद्धा काळ्या कडेचं छापील कार्ड आलं होतं, आणि तिनंही इकडून छापीलच धाडलं होतं. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, दादा गेला. मग तिचं तिलाच हसू आलं. गेलेला माणूस स्वतःच्या हातानं पत्ता कसा लिहील? तिनं खोकं ओट्यावर ठेवलं, कात्रीनं पट्टी कापली. आत बर्फाच्या पिशव्या होत्या, त्यांच्यामध्ये गावाकडच्या वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी, आणि गुंडाळीत रानबदक. नर. हिरवी मान, हिरव्याखाली पांढरं कडं, पापण्या खालून वर मिटलेल्या. तिनं ते उचललं तशी मान तिच्या मनगटावर कलंडली, झोपलेल्या मुलाची कलंडावी तशी. तिनं बदक खाली ठेवलं. कागदाच्या घड्या उलगडून पाहिल्या, बर्फाच्या पिशव्यांखाली पाहिलं, खोकं उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती.

रविवार होता, दुपारचे अडीच वाजले होते. डिसेंबरात मित्सूला आठवड्यातून एकच सुटी मिळायची. स्टेशनाजवळच्या ज्या दुकानात ती कपडे दुरुस्त करायची तिथं वर्षअखेर म्हणजे सगळ्या ओसाकाच्या विजारी एकदम लांब झाल्यासारखं व्हायचं. सकाळपासून ती वाकून शिलाई उसवायची, दुमडायची, पुन्हा घालायची. रविवारी इस्त्री करायची, मग पाय गरम पांघरुणात घालून बसायचं, टीव्हीवर जे असेल ते बघायचं, असा तिचा बेत असे. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सहाव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आताशा आवाज व्हायचा तो फ्रिजचा, आणि खिडकीखालच्या उंच रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा. तो आवाज इतका सारखा असायचा की थांबला असता तरच ऐकू आला असता. आणि आता ओट्यावर हे. तिनं हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. दादानं कशासाठी पाठवलं असेल? माफी असेल? की आपण म्हातारे झालो आता, झालं गेलं सोडून दे, असं काही? की बघ, अजून मी धरतो, अजून टेकडी माझी आहे, असं? दादाच्या बाबतीत शेवटचंच खरं असायची शक्यता जास्त, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते सांगताना तिला जरा बरंही वाटलं, कारण रागाची वाट तिच्या पायाखालची होती.

बेल वाजली. शेजारच्या काजितानीबाई, हातात इमारतीच्या सूचनांची फळी घेऊन. ही फळी घराघरांतून फिरायची, वाचली की शिक्का मारून पुढं द्यायची. काजितानीबाई ती नेहमी स्वतः आणून द्यायच्या, कारण दुसऱ्याच्या घरात डोकावायला तेवढंच निमित्त.

"कचऱ्याचा वार बदललाय हो," त्या म्हणाल्या, आणि मान लांब करून ओट्याकडे बघत एकदम किंचाळल्या, "अगं बाई! मेलंय ते!"

"जिवंत कसं पाठवतील?" मित्सू म्हणाली.

"पाठवलंय कोणी?"

"भावानं. गावाहून."

"माझ्या भावानं मला आजवर काय पाठवलं माहितीये? नव्या वर्षाचं कार्ड. तेही छापील. त्यात माझं नाव चुकलेलं." बाई तोवर चपला काढून आत आल्या होत्या. एका बोटानं त्यांनी बदकाच्या छातीला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "मऊ आहे हो. पण गोळी कुठं लागलीये? दिसत नाही."

"गोळी नाही. आमच्याकडे जाळं फेकून धरतात. संध्याकाळी तळ्यातून उठून बदकं शेतांकडे जातात ना, टेकडीवरून, तेव्हा. खालून वर फेकायचं."

"उडत्याला? हातानं?" काजितानीबाईंनी दोन्ही हात वर करून काहीतरी फेकल्यासारखं केलं, आणि स्वतःच हसल्या. "मग तुमचे भाऊ म्हणजे मोठेच असामी."

"हो," मित्सू म्हणाली. "तिकडे त्यांचं नाव आहे."

"आणि आता तुम्ही हे सोलणार? इथं? त्यापेक्षा टाकून द्या आणि मोठ्या दुकानात पातळ कापलेलं मिळतं ते आणा. त्याला तोंड नसतं." दाराशी जाऊन त्या पुन्हा वळल्या. "आणि पिसं गॅलरीत उडवू नका हं. माझ्या चादरी वाळतायत."

दार लागलं. मोठेच असामी. खोटं नव्हतं ते. तिकडच्या वर्तमानपत्रात दोनदा फोटो आला होता दादाचा. एक कात्रण वहिनीनं पाठवलं होतं, भांडणाच्या आधी. संधिप्रकाशात उभा दादा, डोक्यावर कापड बांधलेलं, हातात आठ हात लांब काठी, काठीला फाट्यासारखे दोन हात आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं जाळं. फोटोखाली लिहिलं होतं, की आता टेकडीवर अशी माणसं वीसच उरली आहेत आणि त्यांत मुरोया यांच्यासारखा हात कोणाचा नाही. मित्सूनं ते कात्रण वाचून नीट चार घड्या घातल्या होत्या, आणि नंतर ते कुठं ठेवलं ते तिला कधीच आठवलं नाही.

तिनं जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, खिडकी बंद केली, जुना ॲप्रन चढवला आणि मांडी घालून बसली. बदक मांडीवर घेतलं. चाळीस वर्षांत तिनं हे केलं नव्हतं, पण अंगठा आणि तर्जनी आपोआप छातीच्या खाली गेली, जिथून आई सुरुवात करायची. पोटाची पिसं आधी. चिमटीत थोडीच घ्यायची. घाई केली की कातडं फाटतं, आणि कातडं फाटलं की चरबी गेली, चरबी गेली की बदकात उरतं काय? "पीस ओढायचं नसतं गं," आई म्हणायची, "मागायचं असतं." आई हे अशा सुरात म्हणायची की जणू बदक ऐकतंय. थंडीत त्यांच्या घरी मागीलदारी एका दोरीला तीन-चार बदकं माना खाली करून टांगलेली असायची, वाऱ्यावर थोडी फिरायची, आणि आई आणि मित्सू ओट्यावर पाठीला पाठ लावून पिसं काढत बसायच्या. आजूबाजूला बर्फ आणि त्यांच्याभोवती पिसं, दोन्ही पांढरं-करडं. कुठलं कुठं संपतं कळायचं नाही. पुरुष पिसांना हात लावायचे नाहीत. ते टेकडीवरून यायचे, बदक दारात ठेवायचे, आणि त्यांच्या दृष्टीनं ते तिथं संपायचं. बदक खाण्याजोगं करणं, हे कोणी काम मानलंच नव्हतं. आजोबांच्या वेळी कलहंसही धरायचे, तेव्हा आजीला तो दोन दिवस आल्यात आणि सोयात मुरवावा लागायचा, नाहीतर चिखलाचा वास जायचा नाही. पण आजोबांच्या सगळ्या गोष्टींत कलहंस आभाळातून थेट ताटात पडायचा. मधले दोन दिवस कधीच नसायचे.

मोठी पिसं निघाली, मऊ कापूस राहिला. तो तसा निघत नाही. तिनं देवाजवळच्या मेणबत्त्या घेतल्या, कढत पाण्यात वितळवल्या आणि बदक त्यात बुडवून काढलं, गार पाण्यात धरलं. मेण घट्ट झालं तशी ती ते सोलायला लागली, साल निघावी तसा कापूस मेणाबरोबर निघून आला आणि खाली पिवळसर, स्वच्छ कातडं दिसायला लागलं. उरलेली लव तिनं गॅसच्या ज्योतीवर जाळली. त्या वासासरशी स्वयंपाकघर गेलं. ओसाका गेलं. जळलेल्या केसांसारखा तो वास, त्याच्याखाली चरबीचा गोड वास, मातीची जमीन, जमिनीतल्या चुलीतली राख, चुलीच्या पलीकडे कंबर धरून बसलेले बाबा. ती सतरा वर्षांची होती. त्या वर्षी नोव्हेंबरातच बाबांची कंबर धरली आणि ते काठीच्या आधाराशिवाय उभे राहीनात. टेकडीवरची त्यांची जागा दादाकडे आली. दादा एकवीसचा होता. रोज दुपारी तो इतरांबरोबर टेकडीवरच्या झोपडीत जाई, चिठ्ठ्या टाकून कोण कुठं उभा राहणार ते ठरे, अंधार पडला की तो परत येई. रिकामा. दहा दिवस, वीस दिवस. बाबा काही बोलायचे नाहीत. त्यांच्या न बोलण्यानं घर इतकं भरून जायचं की जेवताना भांड्याला चॉपस्टिक लागली तरी सगळे दचकायचे. दादा वाईट फेकत नव्हता; तो लवकर फेकायचा. बाबांच्या आवाजाला तो जसा आधीच उत्तर देऊन टाकायचा तसाच तो बदकाच्या आधी फेकायचा.

जानेवारीतल्या एका दिवशी दुपारी ती कोठीत लोणच्याच्या पिंपावरचा दगड उचलायला गेली तर दादा तिथं पोत्यांवर पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं.

"आईला बोलावते," ती म्हणाली.

"नको." त्यानं तिची बाही धरली. "आजही गेलो नाही तर बाबा म्हणतील, घाबरून झोपला. मित्सू, तू जा."

"कुठं?"

"टेकडीवर. माझा कोट घाल, तोंडाला फडकं बांध. अंधारच असतो. कोणी बोलत नाही तिथं. नुसती उभी राहून परत ये. मोकळ्या हातानं ये. मोकळ्या हातानं आलो की कोणाला नवल वाटत नाही."

हे शेवटचं तो हसून म्हणाला होता. त्या हसण्यासाठी ती गेली. टेकडीवर बायकांनी यायचं नाही असा नियम नव्हता. असा नियम करायची कोणाला कधी गरजच वाटली नव्हती. ती उशिरा गेली, चिठ्ठ्या होऊन गेल्यावर, आणि उरलेली जागा कुठं ते एकानं नुसत्या हनुवटीनं दाखवलं. काठी तिला नवी नव्हती. शरदात बाबा अंगणात सराव करायचे तेव्हा ती कपडे वाळत घालायचा बांबू घेऊन कोपऱ्यात तसंच करायची, आणि आई हसायची. ती पाइनच्या दोन झाडांमध्ये गुडघे वाकवून बसली. समुद्राकडून वारा येत होता. खाली तळं काळं पडत चाललं होतं आणि त्यावर हजारो बदकं कुजबुजत होती, देवळात सगळे एकदम पुटपुटतात तसं. आधी कलहंस परत आले, उंचावरून, ओळीनं, दमलेल्या माणसांसारखे बोलत. ते उतरले. मग खालची कुजबूज थांबली. मित्सूला पुढं आयुष्यात पुष्कळ प्रकारची शांतता भेटली, नवऱ्याचं शेवटचं मशीन बंद केल्यावरचीही, पण तशी नाही. आणि मग नवं रेशीम टरकावं तसा आवाज आला. डोक्यावरच्या आभाळातून काळे ठिपके सूं करत निघाले. एक गेला, दोन गेले, तिला वाटलं नुसतं उभं राहायचं, दादानं तेवढंच सांगितलंय. मग समोरच्या फांदीपलीकडून एक आला. तिनं विचार केला नाही. गुडघे सरळ झाले, कंबर, खांदे, हात, आणि काठी हातातून सुटून सरळ वर गेली. जाऊन आभाळात क्षणभर उभी राहिली, तिची वाट पाहत असल्यासारखी. मग जाळं मिटलं. जड होऊन खाली आलं. झुडपात धपकन आवाज झाला.

ती तिकडे धावली आणि जाळ्यात धडपडणाऱ्या त्या गरम जिवावर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली. पुढं काय करायचं ते तिला येत नव्हतं. शेजारच्या जागेवरचे बिसाकूकाका आले. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. हात काही फडक्यात बांधलेले नव्हते. खाली वाकून त्यांनी तिचे हात बाजूला केले, बदकाच्या पंखांखाली अंगठा दाबला, धडधड थांबेपर्यंत धरला, आणि मग ते उबदार बदक परत तिच्या हातात दिलं. सगळं मिळून वीस मिनिटं झाली असतील. आभाळ रिकामं झालं होतं.

घरी दादा उठून कोठीच्या दाराशी उभा होता. तिनं कोट काढून त्याला दिला, बदक दिलं. तो ते घेऊन आत गेला. बाबांनी ते मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं, छाती दाबून पाहिली आणि म्हणाले, "चांगलं आहे." मग बऱ्याच वेळानं, चुलीकडे बघत, "आता तू फेकायला शिकलास." दादाचा चेहरा तापानं लाल होता, त्यामुळे तो लाजला की नाही ते कळलं नाही. मित्सू वाट पाहत होती. तिला वाटलं, जेवताना सांगेल. मग वाटलं, ताप उतरला की सांगेल. आईनं जिबुनी, बदकाचा दाट रस्सा, केली होती, वाटीत वाफ येत होती, आणि स्वतः धरलेल्या बदकाचा तुकडा तोंडात घोळवत मित्सू दादाची स्तुती ऐकत होती. खरं म्हणजे तिला तेव्हा रागही आला नव्हता. राग नंतर आला, हळूहळू. आणि आला तो दादा खोटं बोलला म्हणून नाही, तर त्या दिवसानंतर दादाला खरोखरच फेकता यायला लागलं म्हणून. बाबांचं एक वाक्य त्याच्या हातात जाऊन बसलं होतं. ते वाक्य तिचं होतं. दोन वर्षांनी ती ओसाकाला कपड्यांच्या कारखान्यात आली. निरोप द्यायला बाबा दारापर्यंत आले. "थंडीत अंगावर घे," एवढंच म्हणाले.

आणि तरीही ती एक्कावन्न वर्षांची होईपर्यंत काही बोलली नव्हती. आईच्या वर्षश्राद्धाला, सगळे नातेवाईक जमले असताना, साके दोन-दोन वाट्या झाल्यावर कोणीतरी दादाला त्याच्या पहिल्या बदकाबद्दल विचारलं. दादा सांगायला लागला. चांगला सांगायचा तो. वारा कुठून होता, फांदी कशी होती. फांदी! ती फांदी त्यानं कधी पाहिली होती? मित्सू हसत म्हणाली, अगदी हसतच, "ते माझं होतं. दादा तर कोठीत पडला होता." सगळे हसले. वहिनी हसली नाही. दादानं वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "हिला लहानपणापासून खोटं बोलायची सवय आहे." पुन्हा सगळे हसले. ती त्याच संध्याकाळी निघून आली.

बाहेर उन्हं कलली होती. तिनं दिवा लावला. बदक आता पक्षी राहिलं नव्हतं, मांस झालं होतं. तिनं सांधे मोकळे केले, छातीचे दोन भाग सोडवले, तिरके पातळ तुकडे केले. पाठीची हाडं फळीवर घेऊन सुरीच्या मागच्या बाजूनं ठेचली, ठेचत राहिली; खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटत असेल ते वाटो. ठेचलेल्या हाडांत आलं आणि थोडं मिसो, आंबवलेल्या सोयाबीनचं, घालून गोळे वळले. फ्रिजमध्ये अळंबी होती, पालक होता. गव्हाच्या चिकाच्या घड्या मात्र तिकडेच मिळतात, त्यांच्याऐवजी तिनं टोफू घेतलं. पातेल्यात समुद्रशेवाळाचं पाणी, सोया, साके, साखर. पाणी उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरू द्यायचं. प्रत्येक तुकडा गव्हाच्या पिठात बुडवून, झटकून, एक-एक सोडायचा. पिठाचं मांसाभोवती पातळ आवरण धरतं, आतला रस आत राहतो आणि रस्सा दाटतो. आई पीठ झटकताना हाताच्या पाठीवर दोन टिचक्या मारायची. मित्सूनं पाहिलं, ती स्वतःही मारत होती. दुकानात कापडाला खडू लावल्यावरही ती तशाच मारायची, पंचवीस वर्षं, आणि ते कुठून आलं हे तिला कधी सुचलं नव्हतं. तुकड्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या, मध्ये अजून गुलाबी होतं. तिनं गॅस बंद केला. वाटीत वाढलं, वर वासाबीचा ठिपका ठेवला, आणि एक तुकडा तोंडात टाकला.

चव तीच होती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. फक्त एकदम फार एकटं वाटलं, कारण ही चव बरोबर जमली आहे की नाही हे सांगू शकणारं माणूस जगात आता एकच उरलं होतं. तिनं चॉपस्टिक आडव्या ठेवल्या आणि फोन ओढून घेतला. नंबर शोधावा लागला नाही.

"मुरोया," पलीकडून आवाज आला. घोगरा, पुष्कळ वेळ न वापरलेला.

"दादा, मी मित्सू."

मागे टीव्ही चालू होता. तो बारीक झाला. "पोचलं?"

"पोचलं."

"वासबीस नाही ना आला?"

"नाही. आतडी स्वच्छ काढली होतीस."

"मी नाही काढली. बिसाकूकाकांच्या पोरानं काढली. पोरगा कसला, पंचेचाळीस वर्षांचा घोडा आहे. धरलंही त्यानंच."

"आणि तू?"

"मी गेल्या वर्षापासून जात नाही टेकडीवर."

"कंबर?"

"डोळे. काचबिंदू म्हणाले. दिवसा दिसतं गं. पेपर वाचतो, तुझा पत्ता लिहिला की. पण संध्याकाळ दिसत नाही. उजेड सरला की सगळं एकदम भिंत. आवाज येतो डोक्यावरून, आणि मी आपला काठी धरून उभा. तीन दिवस उभा राहिलो तसाच. मग नाही गेलो."

दादाचं हे एवढं लांब बोलणं तिनं वर्षश्राद्धाच्या दिवसानंतर ऐकलं नव्हतं. तिच्या तोंडून निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं. "म्हणजे हे बदक तुझं नव्हे."

"नाही. माझं नव्हे."

टीव्हीत कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"तेही नव्हतं," दादा म्हणाला.

मित्सूनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोणतं?" तिला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून हवं होतं.

"कोणतं काय विचारतेस. मला ताप होता तेव्हाचं."

"सगळ्यांसमोर मला खोटारडी म्हणालास."

"म्हणालो. तोयो महिनाभर बोलली नाही माझ्याशी. जेवण वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. मरेपर्यंत म्हणत होती, फोन कर, फोन कर."

"मग का नाही केलास?"

"काय म्हणणार होतो? मी पंचेचाळीस वर्षं ती गोष्ट सांगत आलो, मित्सू. सांगून सांगून मला ती फांदी दिसायला लागली होती. आता खरी फांदी दिसेना, तेव्हा…" वाक्य त्यानं तसंच सोडलं.

तिच्या तोंडी आली ती जुनीच तक्रार. "बाबा बिचारे खरं न कळता गेले."

"बाबांना माहीत होतं."

"काय?"

"बिसाकूकाकांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यांना. बाबा मला एकदाच बोलले त्यावर, तू ओसाकाला गेलीस त्या रात्री. म्हणाले, हात त्या पोरीचा होता."

मित्सू खिडकीकडे पाहत होती. रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागले होते, लाल एकीकडे, पांढरे एकीकडे. "मग मला का नाही सांगितलं?" तिचा आवाज तिला सतरा वर्षांच्या मुलीसारखा ऐकू आला. "दारापर्यंत आले होते ते. थंडीत अंगावर घे म्हणाले. तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"मी पण विचारलं तेच. म्हणाले, सांगितलं तर ती जायची नाही. आणि राहून काय करील? तिला टेकडीवर कोण उभं करणार? पिसं काढील जन्मभर."

तिच्या डोक्यात एकामागून एक खोल्या उघडत होत्या आणि प्रत्येक खोलीत बाबा पाठमोरे बसलेले होते. सगळ्यांना माहीत होतं. बाबांना, बिसाकूकाकांना, दादाला, बहुतेक आईलाही. सगळे तिच्याभोवती ते जपून बसले होते, आणि ती तेवढी त्याच्या बाहेर, त्रेचाळीस वर्षं, दुसऱ्यांच्या विजारींना दुमड घालत. चांगल्यासाठीच म्हणे. असेलही. बाबांवर रागवावं की बाबांसाठी रडावं हे तिला ठरवता येईना, आणि ठरवलं असतं तरी ते कोणाला जाऊन सांगायचं?

"मित्सू? आहेस ना?"

"आहे."

"मला बदक करता येत नाही," दादा म्हणाला. "या मोसमात लोकांनी तीन दिली मला. एक केलं मी. कातडं सगळं फाटलं, मांस काळं ठिक्कर पडलं, दातानं तुटेना. दुसरं वाटून टाकलं. तिसरं तुला पाठवलं."

"पीठ लावलं होतंस का?"

"कसलं पीठ?"

पंचेचाळीस वर्षं बदकं धरणारा माणूस. ती हसली, हसू नाकातून निघालं आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी, जे तिनं ॲप्रननं पुसलं. "गव्हाचं," ती म्हणाली. "आणि उकळायचं नाही. नुसतं थरथरू द्यायचं."

"थरथरू द्यायचं," त्यानं लिहून घेतल्यासारखं म्हटलं. मग म्हणाला, "फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मोसम आहे. येशील?"

"दुकानात वर्षअखेरीला फार काम असतं."

"जानेवारीत?"

"बघते."

"बघ," दादा म्हणाला. मग टीव्हीचा आवाज मोठा झाला, आणि फोन ठेवला गेला.

वाटीतली वाफ कधीच गेली होती. रश्श्यावर चरबीची पातळ साय धरली होती. बदक पुन्हा गरम केलं की चिवट होतं, हे तिला चांगलं माहीत होतं. आईनं असं कधी कोणाला खाऊ दिलं नसतं. मित्सूनं वाटी पातेल्यात ओतली, गॅस पेटवला, चांगलं कढत केलं. मग टेबलाशी बसून, एकेक तुकडा सावकाश चावत, तिनं ते सगळं संपवलं.